सोन्याच्या नॅनोकणांचं स्थैर्य आणि पॉलिमरचं आवरण
(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा फळ्यापेक्षा परीक्षानळीवर अधिक विश्वास होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज बोलण्याबरोबर थोडं दाखवणारही आहे. टेबलावर दोन परीक्षानळ्या आहेत. दोन्हींत माणकासारखा लाल द्रव आहे. या लाल रंगात कुठलाही रंग मिसळलेला नाही. हा रंग सोन्याचा आहे.

सोन्याच्या टिकाऊपणाबद्दल आपल्याला शंका नसते. ते गंजत नाही, काळवंडत नाही. आजीची पाटली नातीच्या हातात येते तेव्हाही तिचा कस तोच असतो. पण हेच सोनं १५ नॅनोमीटरच्या कणांत विभागून पाण्यात तरंगत ठेवलं की ते फार नाजूक होतं. चिमूटभर मिठानेही हा लाल द्रव निळा पडतो आणि थोड्या वेळाने तळाशी काळपट साका बसतो. सोनं तेव्हाही सोनंच असतं, फक्त कण एकमेकांना चिकटलेले असतात. त्यांचा सोनेपणा जात नाही, सुटेपणा जातो. आणि नॅनोकणाचा सारा उपयोग त्या सुटेपणावर उभा आहे. तो कशाने टिकतो, हा आजचा विषय.

आधी आकारांचा अंदाज घेऊ. १५ नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे ६६ हजारावा भाग. अशा एका कणात साधारण एक लाख अणू मावतात आणि त्यांतला दहापैकी एक पृष्ठभागावर असतो. एक ग्रॅम सोनं अशा कणांत वाटलं तर त्याचा एकूण पृष्ठभाग २० चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास भरतो. पृष्ठभागावरच्या अणूंना आतल्या अणूंइतके शेजारी नसतात, त्यामुळे एवढा पृष्ठभाग उघडा ठेवणं ऊर्जेच्या हिशोबात महाग पडतं. कण एकत्र आले की तो खर्च वाचतो. म्हणजे एकत्र येणं ही या कणांची स्वाभाविक ओढ आहे. वेगळं राहण्यासाठी त्यांना कारण पुरवावं लागतं.

हे कण करण्याची सर्वांत रुळलेली रीत १९५१ साली जॉन टर्केविच यांनी मांडली आणि १९७३ साली फ्रेन्स यांनी तिच्यात कणांचा आकार हवा तसा ठेवण्याची सोय केली. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं, अगदी विरळ द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. पिवळा रंग उडतो, द्रव क्षणभर पाण्यासारखा दिसतो, मग काळसर जांभळा होतो आणि काही मिनिटांत लाल होऊन स्थिरावतो. ज्यांनी हा बदल स्वतः उकळत्या चंबूपाशी उभं राहून पाहिला आहे, ते तो विसरत नाहीत. इथे सायट्रेट दोन कामं करतं. ते सोन्याच्या आयनांचं धातूत रूपांतर करतं आणि उरलेलं सायट्रेट कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना ऋण विद्युतभार देतं. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण सुटे राहतात.

आता रंगाबद्दल. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एका लयीत हेलकावतात. १५ नॅनोमीटरच्या सुट्या कणांत ही लय ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला आपल्याला लाल दिसतो. दोन कण एकमेकांच्या अगदी निकट आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांचे हेलकावे परस्परांत गुंततात, शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि द्रव निळा दिसतो. सुट्या कणांच्या रंगाचं गणित गुस्ताव मी यांनी १९०८ साली प्रथम सोडवलं. रंगाच्या या बदलामुळे आपल्याला एक फार सोयीचं मोजमाप मिळालं आहे. लाल म्हणजे कण सुटे, निळा म्हणजे कण चिकटलेले. महागडं उपकरण नसलं तरी नुसत्या डोळ्यांनी हे कळतं.

आता पहिली नळी पाहा. हिच्यात फक्त सायट्रेटचं आवरण असलेले कण आहेत, पाच मिलिलिटर. त्यात मी मिठाचं १० टक्क्यांचं द्रावण अर्धा मिलिलिटर टाकते. बघा, हलवता हलवताच रंग जांभळट झाला आणि आता निळा. दुसऱ्या नळीत तेच कण आहेत, पण त्यात थोडं जिलेटिन आधीच घातलेलं आहे. तेवढंच मीठ हिच्यातही टाकते. रंग हलला नाही. मागच्या रांगेतल्यांसाठी नळ्या उंच धरते.

हा प्रयोग माझा नाही. मायकेल फॅरडे यांनी फेब्रुवारी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बेकेरियन व्याख्यान दिलं, त्याचा विषयच सोन्याचा प्रकाशाशी असलेला संबंध हा होता. कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेल्या फॉस्फरसने त्यांनी सोन्याचे लाल द्रव तयार केले. हा रंग अतिसूक्ष्म धातुकणांचा आहे हे ओळखलं. मिठाने तो निळा होतो, आणि जिलेटिनसारखा चिकट पदार्थ आधी घातला तर होत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. त्यांनी तयार केलेल्या द्रवांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. रेणू खरोखर असतात का, यावर वाद चालू होता त्या काळात फॅरडे यांनी पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं, संरक्षण डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याला मोजपट्टी लावली रिचर्ड झिगमोंडी यांनी. १९०१ साली त्यांनी 'सुवर्णांक' ही कल्पना मांडली. १० मिलिलिटर लाल द्रवात १० टक्के मिठाचं १ मिलिलिटर द्रावण घालायचं. रंग बदलू नये म्हणून संरक्षक पदार्थ जेमतेम किती मिलिग्रॅम लागतो, तो त्याचा सुवर्णांक. आकडा जितका लहान तितकं संरक्षण जास्त. जिलेटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१, अरबी डिंकाचा ०.१५ ते ०.२५ आणि बटाट्याच्या स्टार्चचा सुमारे २५. म्हणजे जिलेटिन जे काम करतं, त्यासाठी स्टार्च हजारो पट लागतं. तिन्ही पॉलिमर पाण्यात पसरणारे आणि लांब साखळ्यांचे आहेत. तरी एवढा फरक पडतो, कारण साखळी लांब असणं पुरेसं नाही, तिने सोन्याला घट्ट धरायला हवं. झिगमोंडी यांना कलिलांवरच्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म कणांवरच्या, कामासाठी १९२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यांच्या चाचणीतला एक हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. १० टक्क्यांचं एक मिलिलिटर द्रावण दहा मिलिलिटर द्रवात गेलं की मिठाचं अंतिम प्रमाण सुमारे ०.९ टक्के होतं. दवाखान्यात सलाइनची बाटली लावतात, तिच्यातही मीठ ०.९ टक्केच असतं, कारण आपल्या रक्ताचा खारेपणा तेवढ्याच मिठाशी जुळतो. म्हणजे आत्ता पहिल्या नळीत जे घडलं, तेच उघड्या सायट्रेट-कणांचं शरीराच्या खारटपणात होतं. सोन्याच्या कणांनी औषध पोहोचवायचं, त्यांच्या साहाय्याने निदान करायचं, अशा सगळ्या बेतांना पहिली आडकाठी इथे येते.

मीठ एवढं काय करतं? कणावरच्या ऋणभाराभोवती सोडियमचे धन आयन गोळा होतात आणि तो भार झाकून टाकतात. विद्युत प्रतिकर्षण किती अंतरापर्यंत जाणवतं, याला डिबाय लांबी म्हणतात. पाण्यात मीठ अगदी थोडं, लिटरला एक मिलिमोल असेल तर ती सुमारे १० नॅनोमीटर असते. सलाइनइतकं मीठ असेल तर ती ०.८ नॅनोमीटरवर येते. आणि सोन्याच्या कणांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण पाण्यात प्लास्टिकच्या तेवढ्याच कणांपेक्षा कितीतरी पट जोरकस असतं. प्रतिकर्षण आणि आकर्षण यांच्या या झुंजीचा सिद्धान्त डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ साली, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे फर्वे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ साली मांडला. खारट पाण्यात या झुंजीचा निकाल ठरलेला असतो.

पॉलिमर या झुंजीत तिसरा पक्ष म्हणून उतरतो. आज सर्वाधिक वापरात असलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, घेऊ. त्याच्या साखळीच्या एका टोकाला गंधकाचा थायॉल गट जोडला की ते टोक सोन्याला पक्कं धरतं आणि उरलेली साखळी पाण्यात मोकळी राहते. ५,००० रेणुभाराची पेगची साखळी पाण्यात साधारण ६ नॅनोमीटर जागा व्यापते. आता असे दोन कण जवळ आले तर त्यांच्या साखळ्या एकमेकींत घुसू लागतात. मधल्या जागेत पॉलिमरची दाटी होते, ती दाटी विरळ करायला बाहेरचं पाणी आत येतं आणि कणांना दूर ढकलतं. शिवाय दाटीत साखळ्यांना वळण्या-वाकण्याची मोकळीक राहत नाही, एन्ट्रॉपी घटते, आणि तेही त्यांना परवडत नाही. पेगवर विद्युतभार नसल्यामुळे मिठाला झाकायला काही उरत नाही. ०.८ नॅनोमीटरचा विद्युत पहारा जिथे अपुरा पडतो, तिथे दोन्ही बाजूंचे सहा-सहा नॅनोमीटर आकर्षणाची मजल संपेपर्यंत कणांना दूर ठेवतात.

पण नुसतं पॉलिमर घातलं म्हणजे झालं, असं नाही. साखळ्या पृष्ठभागावर किती दाट बसल्या, यावर सगळं अवलंबून असतं. ज्वारी विरळ पेरली तर ताटं आडवी पसरतात आणि दाट पेरली तर एकमेकांना जागा न मिळून उंच सरळ वाढतात. साखळ्यांचंही तसंच होतं. विरळ असल्या तर पृष्ठभागावर पसरून बसतात आणि मधे उघडं सोनं राहतं. दाट झाल्या की बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात आणि आवरण जाड, सलग होतं. पॉलिमरच्या अशा थरांचं भौतिकशास्त्र पिएर-जिल द जेन यांनी विकसित केलं.

पॉलिमर फारच कमी पडलं तर नुकसानच होतं. एकाच लांब साखळीचं एक टोक एका कणावर आणि दुसरं शेजारच्या कणावर बसतं, आणि जे वेगळं ठेवायला आणलं तेच दोघांना बांधून टाकतं. म्हणून सुवर्णांकाहून बऱ्याच कमी मात्रेत घातलेलं जिलेटिन कधीकधी कणांना मिठासमोर आणखी दुबळं करतं. उलट बाजूनेही सांभाळावं लागतं. कणाला न चिकटता द्रवात मोकळं फिरणारं पॉलिमर फार झालं, तर दोन कणांमधल्या चिंचोळ्या जागेत ते शिरू शकत नाही आणि बाहेरच्या दाबाने कण एकत्र रेटले जातात. म्हणून आवरण चढवल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जादा पॉलिमर काढून टाकतात. तिथेही परीक्षा होते. सायट्रेटचे कण तळाशी दाबले गेले की पुष्कळदा पुन्हा सुटत नाहीत. पेगचं नीट आवरण असलेले कण ताज्या पाण्यात हलवले की परत लाल होऊन पसरतात.

या संरक्षणावर चालणारी एक चाचणी कित्येक दशकं रुग्णालयांत वापरात होती. जर्मन वैद्य कार्ल लांगे यांनी १९१२ साली मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाच्या क्रमाने विरळ केलेल्या नमुन्यांत लाल सोनं घातलं आणि रंग कुठल्या नळीत किती बदलतो ते पाहिलं. त्या द्रवातली काही प्रथिनं सोन्याला सांभाळतात, काही त्याचा साका पाडतात. रोगात प्रथिनांचं प्रमाण बदललं की रंगांचा क्रम बदलतो. मज्जासंस्थेत शिरलेल्या उपदंशाच्या निदानासाठी ही चाचणी सर्रास वापरली जाई. नंतर १९७१ साली फॉक आणि टेलर यांनी प्रतिपिंडांना सोन्याचे कण जोडले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते, ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. त्या कणांवर प्रतिपिंडाचं आणि वरून दुसऱ्या प्रथिनाचं किंवा पेगचं आवरण असतं. ते नसतं तर कण पट्टीवर वाळताना एकत्र आले असते आणि रेघ उमटलीच नसती. अशा पट्ट्या बनवणाऱ्यांना प्रतिपिंडाची कमीत कमी मात्रा ठरवायची असते तेव्हा ते १० टक्के मीठ घालून रंग पाहतात. म्हणजे झिगमोंडींचीच चाचणी अजून रोजच्या कामात आहे.

पुण्यात या विषयावर मोलाचं काम झालं आहे, आणि ते आपण अभिमानाने सांगायला हवं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण तयार केले. ते काम २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे शास्त्री आणि पूना कॉलेज ऑफ फार्मसीतल्या वर्षा पोखरकर यांच्या गटांनी मिळून कायटोसान हे पॉलिमर वापरून सोन्याचे कण केले आणि त्यांवर इन्शुलिन बसवून नाकावाटे व तोंडावाटे उंदरांना दिलं. ते संशोधन २००७ सालचं आहे. २००८ साली पुण्यातल्याच संशोधकांनी जेलन गम हा जिवाणूंपासून मिळणारा डिंक घेतला. सोन्याच्या आयनांपासून कण करणं आणि त्या कणांवर आवरण चढवणं, ही दोन्ही कामं त्याच एका डिंकाने केली. मीठ घातलं किंवा आम्लता बदलली, तरी हे कण नेहमीच्या कणांपेक्षा जास्त तग धरतात, असं त्यांना दिसलं. त्यांवर डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध बसवून मेंदूच्या अर्बुदाच्या पेशींवर प्रयोगही झाले. या कामात मला विशेष आवडतं ते हे, की निवडलेलं पॉलिमर नैसर्गिक होतं आणि चाचणी मीठ आणि आम्लता या खऱ्या अडचणींसमोर घेतली होती.

कारण कुठलंच पॉलिमर सगळीकडे चालत नाही. कायटोसानवरचा धन भार आम्लयुक्त द्रवात टिकतो, आम्लता कमी होऊन पीएच साडेसहाच्या पुढे गेला की तो ओसरतो. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं उलट आहे, पोटातल्यासारख्या तीव्र आम्लात त्याचा भार नाहीसा होतो. पॉलि-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइड ३२ अंश सेल्सिअसपर्यंत पाण्यात फुललेलं असतं आणि त्यापुढे आकसतं. म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलावर स्थिर असलेले त्याचे कण अंगाच्या तापमानाला एकत्र येऊ शकतात. हाच गुण हवा तेव्हा कण एकत्र आणण्यासाठी वापरताही येतो. पेशींच्या आत ग्लुटाथायॉन हा गंधकयुक्त रेणू लिटरला एक ते दहा मिलिमोल इतका असतो. तो सोन्यावर स्वतःची जागा करत पेगच्या साखळ्या हळूहळू उपटून काढतो. म्हणून आता एकाऐवजी दोन किंवा अधिक गंधकांनी सोन्याला धरणारी पॉलिमर तयार केली जातात. ती जास्त काळ टिकतात.

रक्तात गेलेल्या कणाला मिठाबरोबर प्रथिनांनाही तोंड द्यावं लागतं. प्रथिनं त्याच्यावर थर धरतात आणि मग शरीराला कणाची ओळख पटते ती त्या थरावरून. पेग हा थर कमी करतं, पूर्ण थांबवत नाही. सुमारे २७ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर पेग आणि टीएनएफ हे प्रथिन बसवून कर्करोगाच्या रुग्णांवर पहिली मानवी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पेगशिवाय ते कण रक्तात फार काळ राहिलेच नसते. पण पेगविरुद्ध काही माणसांच्या शरीरात प्रतिपिंडं असतात, हेही आता कळलं आहे. आणि आवरण जाड झालं की कणाचा एकूण आकार वाढतो. मूत्रपिंडातून साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कणच गाळून बाहेर पडतात. म्हणजे जे आवरण कणाला रक्तात टिकवतं, तेच त्याला शरीरात अडकवूनही ठेवू शकतं. संरक्षण वाढवण्यालाही कुठेतरी थांबावं लागतं, आणि कुठे थांबायचं ते कामावरून ठरतं.

श्रोतेहो, एवढं सगळं सांगितलं ते एका मतासाठी. सोन्याच्या कणाचं स्थैर्य हा एकट्या सोन्याचा गुण नाही आणि एकट्या पॉलिमरचाही नाही. कण, त्याचं आवरण आणि तो ज्या द्रवात राहणार आहे तो द्रव, या तिघांच्या संबंधातून ते ठरतं. म्हणून 'हे नॅनोकण सहा महिने स्थिर आहेत' असं वाक्य आपल्याकडच्या प्रबंधांत आणि जाहिरातींत येतं, तेव्हा ते अर्धंच वाक्य असतं. ऊर्ध्वपातित पाण्यात, फ्रिजमध्ये, अंधारात सहा महिने स्थिर राहणं ही साठवणुकीची सोय झाली. औषध म्हणून, निदानाचं साधन म्हणून स्थिर राहणं ही वेगळी परीक्षा आहे आणि ती वेगळी द्यावी लागते.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या कणांचा लाल रंग शुद्ध पाण्यात दाखवून थांबू नका. त्यांना ०.९ टक्के मिठात ठेवा, आम्लात आणि अल्कलीत ठेवा, ३७ अंशांवर ठेवा, रक्तद्रवात ठेवा. किती पॉलिमर घातलं, त्यातलं किती खरोखर बसलं, आणि रंग किती तासांनी बदलला, हे आकड्यांत लिहा. रंग बदलला तर तेही लिहा, कारण त्या आकड्यावरूनच पुढच्याला कुठलं आवरण टाळायचं ते कळेल. आणि जे संशोधक नाहीत, त्यांनी नॅनो-सोन्याचं कुठलंही औषध किंवा प्रसाधन हाती आलं, की विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: स्थिर कशात, कशासमोर, किती वेळ? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत, तर ते विकत घेऊ नका.